सोमा गुरवाने देव बांधावर नेला

खाडीत आगबोट यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. किती आधीची ते विचारू नका, कारण ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली ते गेले, ज्यांनी त्यांच्या तोंडून ऐकली तेही गेले, आणि गोष्ट मात्र माणखार गावात ठाण मांडून बसली आहे.

माणखारच्या एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे खारजमीन. खारजमीन म्हणजे खाडीच्या तोंडातून ओढून काढलेली शेती. पुढ्यात चिखलमातीचा लांबलचक बांध घालायचा, भरतीचं पाणी बाहेर अडवायचं आणि आत लाल राता भात पिकवायचा. बांध उभा तोवर भात. बांध फुटून खारं पाणी एकदा आत शिरलं की तीन वर्षं त्या जमिनीत गवताची काडीसुद्धा उगवत नाही. म्हणून दरसाल शिमगा सरला की सगळा गाव टोपल्या-फावडी घेऊन बांधावर उतरायचा, कुर्ल्या-खेकड्यांनी पाडलेली बिळं बुजवायचा आणि ढासळलेल्या जागी नवी माती चढवायचा. हे काम चुकवून चालत नसे, आणि कुणी चुकवतही नसे.

त्या काळी माणखारचा राजा कोण, असं कुणी परक्याने विचारलं तर लोक सांगत, भैरी. भैरी म्हणजे गावदेव, काळ्या पाषाणाचा, रुंद छातीचा, कपाळाला शेंदूर. राज्य भैरीचं आणि कारभार विसाजी खोताचा. आता हा विसाजी खोत काही दुष्ट माणूस नव्हता, असं म्हणतात. पण त्याची एक रीत होती. काहीही ठरवायचं झालं की तो हात जोडायचा आणि म्हणायचा, "मी कोण ठरवणारा? देवाला विचारू." मग देवाला कौल लावला जायचा. कुणाच्या वाट्याला कुठली जमीन, कुणाला वाळीत टाकायचं, कुणाच्या दारावरून पालखी न्यायची, सगळं देव सांगायचा. खोताशी एखाद्याने भांडण तरी काढलं असतं. देवाशी कोण भांडणार हो?

कौल लावायची रीत अशी. पाषाणाला अंघोळ घालायची. तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून एक देवाच्या उजव्या छातीला चिकटवायची, एक डाव्या छातीला. मग गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवी कळी आधी पडली तर होय. डावी आधी पडली तर नाही. कळ्या लावायचा मान गुरवाचा. त्यातही गावाचे तीन कायदे होते आणि ते दगडावर कोरल्यासारखे पक्के होते. देव जिथे बसतो तिथेच गावाची सभा बसायची. ज्याला देवळाची पायरी चढायची मुभा नाही, त्याने सभेत तोंड उघडायचं नाही. आणि कौल खोटा ठरला, तर तो लावणारा गुरव जन्मात पुन्हा पायरी चढणार नाही.

तेव्हाचा गुरव म्हणजे सोमा. सात पिढ्या त्याच्या घराण्याने भैरीला न्हाऊ घातलं होतं. सोमाला मूलबाळ नव्हतं. घरात तो आणि बायको गोदी. त्यामुळे म्हणा किंवा स्वभावच तसा म्हणून म्हणा, सोमाचा सगळा जीव त्या पाषाणात होता. पहाटे अंघोळ घालताना तो देवाशी बोलायचा. "आज गारठा हाय हां, म्हनून कोमट पानी आनलंय," म्हणायचा. "काल तुज्या पालखीचा दांडा मोडला, पन तू काय बोल्लास नाय, शाना हायस," म्हणायचा. लोक हसायचे. गोदी म्हणायची, "माज्याशी येवढं बोललात तर माजा संसार सोन्याचा व्हईल." सोमा कळ्या लावताना दोन्हींना सारखंच पाणी लावायचा. बापाने त्याला तेवढं एकच शिकवलं होतं, आणि त्याने त्यात कधी केसाइतका फरक केला नाही.

तर एका शिमग्याला काय झालं, विसाजी खोताच्या मनात दीपमाळ आली. शेजारच्या गावच्या देवळापुढे नवी दीपमाळ उभी राहिली होती, पुरुषभर उंचीच्या दुप्पट. खोताला ती सलली. तो सभेत म्हणाला, "यंदा गावाचे हात दीपमाळेला लावू. बांध एक साल राहील. पण मी कोण ठरवणारा? देवाला विचारू."

सोमाने कळ्या लावल्या. खोताने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सभामंडप घुमला.

"यंदा लेकरांनी तुझी दीपमाळ बांधावी आणि बांधाची राखण तू करावीस, हे तुला मंजूर असेल तर उजवी दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे डोळे लावून बसले. आणि उजवी कळी टपकन पडली. ढोल वाजले, गुलाल उधळला, आणि दुसऱ्या दिवसापासून गाव डोंगरातून चिरे काढायला लागला. बांधाकडे कुणी फिरकलं नाही. देवाने राखण पत्करली होती ना.

आता खाडीच्या तोंडाशी, बांधाच्या टोकाला, उघाडी होती. उघाडी म्हणजे बांधातलं दार. ओहोटीला उघडून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला बंद करायचं. ती राखायचा हसन तांडेल. दालद्यांच्या, म्हणजे मुसलमान दर्यावर्द्यांच्या, वाडीतला, मचव्यावर जन्म काढलेला म्हातारा. खाडीची नाडी त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती. पण तो मशिदीत जाणारा. त्याला देवळाची पायरी नव्हती, म्हणून सभेत शब्द नव्हता. तो वैशाखातल्या एका सकाळी पायरीखाली येऊन उभा राहिला आणि सोमाला हाक मारू लागला.

"गुरवदादा, बांध पोकळ झाला रे. माझ्या उघाडीजवळ हात घातला तर कोपरापर्यंत आत जातो. कुर्ल्यांनी चाळण केली आहे. ही अमावास्या निभेल. ज्येष्ठाच्या अमावास्येला भरतीच्या मागे वारा असेल, ते उधाण नाही निभायचं. तू खोतांना सांग."

"तांडेल, देवानं राखण घेतली हाय," सोमा म्हणाला. "कौल झाला हाय."

हसन म्हणाला, "रागवू नको. तुझा देव मोठा आहे, मी पण शिमग्याला लांबून हात जोडतो. एकच विचारतो. तुझा देव शेवटचं 'नाही' कधी म्हणाला रे?"

एवढं विचारून म्हातारा गेला. सोमा हसला आणि कामाला लागला. पण प्रश्न काही जाईना. कुसळ टोचावं तसा तो दिवसभर टोचत राहिला. शेवटचं नाही कधी? गेल्या साली? नाही. त्याच्या आधी? नाही. सोमा बोटं मोजत मागे गेला तेव्हा अकरा वर्षं मागे जावं लागलं. अकरा वर्षांपूर्वी देव कधी होय म्हणायचा, कधी नाही म्हणायचा. मग अकरा वर्षांपूर्वी असं काय झालं? तर खोताने देवाला समई वाहिली होती. कमरेइतकी उंच, पितळेची, सात वातींची. देव नीट दिसावा म्हणून ती देवाच्या उजव्या हाताला ठेवली होती. सोमानेच ठेवली होती.

दुसऱ्या पहाटे त्याने देवाला अंघोळ घातली आणि रोजच्यासारखं बोलायचं सोडून नुसता बघत उभा राहिला. डावी छाती ओली होती. उजवी सुकून गेली होती. समईच्या धगीने उजवं अंग आधी सुकत होतं, आणि उजवं अंग आधी सुकलं की उजवी कळी आधी सुटणारच. हे तो अकरा वर्षं रोज पाहत होता. रोज त्याच हाताने पुसत होता. डोळ्यांना दिसत होतं आणि मनाला कळलं नव्हतं. सोमा तिथेच खाली बसला. त्या अकरा वर्षांत किती घरं वाळीत पडली, कितीजणांची जमीन गेली, घाड्यांचं अख्खं कुटुंब गाव सोडून परागंदा झालं, ते एकेक त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. खोताला हे ठाऊक होतं का? गावात अजून यावर दोन तट आहेत. पण सोमा म्हणायचा, ठाऊक नव्हतं. होय ऐकायला मिळत असलं की कोण दिवा उचलून बघतो?

घरी येऊन त्याने गोदीला सांगितलं. गोदी शहाणी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि नेमकं तेवढंच विचारलं, "तुमी सांगितलंत तर कौल खोटा पडेल. मंग तुमाला पायरी बंद. मंग देवाला न्हाऊ कोन घालील?"

"कोनतरी घालील."

"आनि तुमी काय कराल?"

सोमा रडला, असं म्हणतात. बांध तुटला तर गावाचा भात जाणार होता, बांध वाचला तर त्याचा देव जाणार होता. दोन्ही राहतील असा रस्ता त्याने चार दिवस शोधला आणि पाचव्या दिवशी शोधणं सोडलं.

वैशाखी अमावास्या उजाडली. सोमाने देवाला शेवटची अंघोळ घातली. त्या दिवशी तो काय बोलला ते कुणालाच ठाऊक नाही. मग त्याने देवाचा चांदीचा मुखवटा, जो फक्त शिमग्याला पालखीत बसतो, तो उचलला, धुतलेल्या पंच्यात बांधला, डोक्यावर घेतला आणि पायऱ्या उतरून चालू लागला. भर दुपार व्हायला आली होती. दीपमाळेचे चिरे घडणाऱ्यांनी पाहिलं आणि छिन्न्या टाकून ते ओरडत सुटले, "अरे, गुरवाला याड लागलं! गुरवानं देव पळवला!" म्हातारे, पोरं, बायका, कुणी जेवणावरून उठून, कुणी हातात पीठ तसंच, सगळा गाव त्याच्या मागे धावला. खोतही धावला. डोक्यावर देव असल्यामुळे सोमाला हात लावायची कुणाची छाती होईना.

सोमा थेट बांधावर गेला. उघाडीजवळ, जिथे बांध सगळ्यात पोकळ होता, तिथे त्याने पंचा अंथरला आणि देव मांडला. मग वळून म्हणाला, "देव बसला. सभा बसू दे."

आता काय बोलणार? कायदा गावाचाच होता. देव जिथे बसतो तिथे सभा. खोताने दात खाल्ले, पण वहाणा काढल्या, कारण देवापुढे वहाणा घालून कोण उभं राहतं? खोताने काढल्या म्हणून सगळ्यांनी काढल्या. आणि बांधाला पायरी नव्हती, तेव्हा दालद्यांची वाडीही आली, महारवाडीही आली, आणि कुणी कुठे उभं राहावं याचा काही हिशेबच राहिला नाही.

सोमाने तगरीच्या दोन कळ्या भिजवून मुखवट्याला चिकटवल्या, दोन्हींना पाणी सारखं. मग म्हणाला, "विचारा."

खोताने चिडून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! बांधाची राखण तू घेतली आहेस, ते खरं असेल तर उजवी दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाव बघत राहिला. भरती चढत होती. वाऱ्याबरोबर खाडीचे शिंतोडे येत होते आणि कळ्या पुन्हापुन्हा भिजत होत्या. उजवी पडेना, डावी पडेना. घटका गेली, दुसरी गेली. ऊन डोक्यावर आलं. कुणी म्हणालं, देव कोपला. कुणी म्हणालं, सोमाने कळ्या डिंकाने चिकटवल्या. तेव्हा सोमा बोलला.

"देव बोलत नाय, कारन हितं समई नाय," तो म्हणाला, आणि त्याने सगळं सांगितलं. धग कशी लागते, उजवं अंग कसं आधी सुकतं, अकरा वर्षं होय कसं मिळालं, सगळं. "कौल देवाचा नव्हता. समईचा व्हता. आनि समई माज्या हातानं ठेवलेली."

खोताच्या तोंडचं पाणी पळालं. मग तो ओरडला, "म्हणजे तू देवावर आळ घेतोस?"

"देवावर कशाला घेऊ? त्यानं काय केलं? आपन त्याला नको ते विचारत व्हतो, तो बिचारा उभा व्हता." सोमा वळला. "तांडेल, तुमी बोला. हितं पायरी नाय."

हसन तांडेल पुढे आला. माणखारच्या सभेत त्याच्या घराण्यातला माणूस बोलायची ती पहिली वेळ. म्हातारा लांबण लावणारा नव्हता. तो म्हणाला, "मी काय सांगू? तुमचे पाय बघा."

तेव्हा कुठे लोकांनी खाली पाहिलं. वैशाखाचं ऊन, माती तव्यासारखी तापलेली असायला हवी, आणि पाय गार पडले होते. बांधाच्या आतल्या अंगाने पाणी वर येत होतं. बोटांच्या फटींतून, टाचांखालून, खोताच्या गोऱ्या पावलांभोवतीसुद्धा. एका बाईने ते बोटाने चाखलं आणि ती किंचाळली, "खारं हाय गो बाय!"

मग कुणी कुणाला विचारलं नाही. ज्याच्या हाताला जे लागलं ते घेऊन सगळे बिळं बुजवायला लागले. कुणी धोतर फाडून बोळे केले, कुणी अंगठ्याने चिखल दाबला. भरती टळेपर्यंत हात थांबले नाहीत. पाणी ओसरलं तेव्हा खोत चिखलाने बरबटला होता, आणि तो पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने म्हणाला, "दीपमाळेचे चिरे बांधाला लावा. मी सांगतो." देवाला विचारू, असं तो म्हणाला नाही. पुढचा महिनाभर अख्खा गाव बांधावर होता. दीपमाळ कमरेइतकी झाली होती, तीही उतरवली.

पण कायदा तो कायदा. कौल खोटा ठरला होता, आणि तो लावणारा सोमा होता. सभेने त्याला पायरी बंद केली. काहीजण रडले, पण बंद केली. सोमानेही कुणाला अडवलं नाही. चुलतभावाच्या हातात अभिषेकाचा तांब्या देताना तो एवढंच म्हणाला, "थंडीच्या दिसांत कोमट घे हां. त्याला सोसवत नाय."

ज्येष्ठाची अमावास्या आली. वारा मागे होता. खाडी कधी नव्हे इतकी फुगली. पाणी बांधाच्या माथ्यापासून वीतभर खाली आलं, मग चार बोटं, मग दोन. सगळा गाव उंचावर देवळापाशी जाऊन बसला आणि बांधावर फक्त सोमा आणि हसन राहिले. असं म्हणतात, की पाणी माथ्याला टेकलं तेव्हा सोमा बांधाच्या काठावर जाऊन बसला आणि त्याने खाडीला ओंजळ ओंजळ पाणी घालून न्हाऊ घातलं, आणि तिच्याशी बोलायला लागला. काय म्हणाला ते हसनने ऐकलं, पण त्याने कधी सांगितलं नाही. कुणी म्हणतं, भरतीची वेळच सरली होती. कुणी म्हणतं, तेवढं मायेने आजवर तिच्याशी कुणी बोललंच नव्हतं. काही असो, पाणी तिथे थांबलं, थरथरलं आणि मागे वळलं. त्या साली माणखारात राता भात इतका पिकला की कणग्या पुरल्या नाहीत.

पुढे सोमा उघाडीवर राहायला गेला. हसनबरोबर दार उघडायचा, बंद करायचा. गोदीही गेली. "आता तरी माज्याशी बोलतात," म्हणायची. इकडे देवळात समई डाव्या-उजव्या कुठल्याच हाताला ठेवली नाही, लांब दाराशी नेली. तरी एक नवल झालं. कुणाचं ढोर हरवलं, कुणाचं मूल तापाने फणफणलं, तर कळी पडायची, कधी उजवी, कधी डावी. पण खोताने किंवा गावाने कारभाराचा प्रश्न विचारला की कळ्या हलायच्या नाहीत. नऊ-नऊ दिवस तिथेच चिकटून सुकून जायच्या. तीन वर्षं विचारून पाहिलं, मग गावाने विचारणं सोडलं.

सोमा गेला तो पावसाळ्याच्या तोंडाला. पायरी तो मरेपर्यंत चढला नाही. अंगणात उभा राहून लांबून बघायचा, आणि आत अंघोळीचा आवाज आला की डोळे मिटायचा. माणसाला एवढी शिक्षा पुष्कळ झाली, असं तेव्हा काही म्हातारे म्हणाले, पण तोवर फार उशीर झाला होता.

अजूनही माणखारात शिमगा सरला की देवाची पालखी आधी बांधावर जाते. गावाची सभा तिथेच भरते. आता ग्रामपंचायत आहे, सरपंच आहे, शिपाई रजिस्टर घेऊन येतो, तरी वर्षाची पहिली सभा बांधावर. सगळ्या वाड्या येतात आणि कुणाला कुणाच्या मागे उभं राहावं लागत नाही. बोलायला सुरुवात तांडेलांच्या घरातल्या माणसाने करायची. मग वाद होतात, आवाज चढतात, मागल्या वर्षी तर दोघे हमरीतुमरीवर आले होते. जे ठरायचं ते हात वर करून ठरतं. सगळं ठरून झालं की मगच गुरव देवापुढे उभा राहतो आणि गाऱ्हाणं घालतो. त्याला सोमाचं गाऱ्हाणं म्हणतात, आणि त्यात देवाला काहीही विचारत नाहीत.

"बा देवा म्हाराजा! लेकरांनी ठरवलं ते तुला सांगायला आलो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बरं झालं तर तुझी कृपा. चुकलं तर आमचं चुकलं, तुझ्यावर घालणार नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"